बाबांची छोटी टॅक्सी

(आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मुंबईतील आपल्या जुन्या शाळेत केलेले हे भाषण. मोटारींच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याच्या छंदाने त्याला काय काय शिकवले, ते या पाठात वाचा.)



याच शाळेत, त्या खिडकीजवळच्या बाकावर मी बसत असे. आज तुमच्यासमोर उभा राहून बोलताना मला फार आनंद होत आहे. बाईंनी सांगितले, "मुलांना तुमच्या छंदाविषयी सांगा." म्हणून मी येताना ही पेटी घेऊन आलो आहे. पेटीत काय आहे, ते शेवटी दाखवीन. तोपर्यंत धीर धरा. माझ्या छंदाचा पहिला धडाही हाच आहे, धीर धरणे!

मी आयर्लंड देशात डून लेरी या गावी राहतो. आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिच्या दक्षिणेला समुद्राकाठी हे गाव वसले आहे. 'डून' म्हणजे गड. लेरी नावाच्या जुन्या राजाचा तो गड, म्हणून डून लेरी. आपल्याकडे नाही का, रायगड, सिंहगड! इंग्रजांच्या राज्यात या गावाचे नाव किंग्जटाउन होते. १९२० साली त्याला त्याचे जुने नाव परत मिळाले.

गावाला मोठे बंदर आहे. दगडी बांधाचे दोन लांबच लांब हात समुद्रात गेलेले आहेत. पूर्वेकडचा बांध एक किलोमीटरहून अधिक लांब आहे. त्याच्यावरून लोक संध्याकाळी फिरायला जातात. आयर्लंडमधली पहिली आगगाडी १८३४ साली डब्लिनहून याच गावाला आली. आपली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली सुरू झाली, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

या गावात एका जुन्या चर्चच्या इमारतीत जहाजांचे संग्रहालय आहे. एकदा पावसापासून आडोसा हवा म्हणून मी आत शिरलो. तिथे 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या जहाजाची प्रतिकृती पाहिली. खरे जहाज २११ मीटर लांब होते. १८७० साली याच जहाजाने आपल्या मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार टाकली. तेव्हा त्याचे कप्तान होते रॉबर्ट हॅल्पिन. ते डून लेरीच्या दक्षिणेला असलेल्या विकलो गावचे. घरापासून इतक्या दूर माझ्या मुंबईशी नाते असलेले जहाज भेटले! मी कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो. एवढे प्रचंड जहाज एका दालनात मावले होते. मनात आले, आपणही असे काही करावे.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना मोटारींच्या प्रतिकृती करण्याचा नाद होता. त्यांनी मला एक खोका दिला आणि म्हणाले, "घाई करू नकोस."

अशा खोक्याला किट म्हणतात. इंग्लंड, जपान अशा देशांतल्या कंपन्या ते तयार करतात. खोका उघडला, की आत मोटार नसतेच! डहाळीला कैऱ्या लटकाव्यात, तसे प्लॅस्टिकच्या काड्यांना मोटारीचे भाग लटकलेले असतात. दारे, चाके, बाके, आरसे. काही भाग तर तांदळाच्या दाण्याएवढे. सोबत एक कागद असतो. कोणता भाग आधी, कोणता नंतर, ते त्यावर चित्रांनी दाखवलेले असते.

प्रत्येक भाग छोट्या पक्कडीने कापायचा. कापलेली जागा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करायची. मग भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण हाताचा तेलकटपणा राहिला, तर रंग धरत नाही. जोडण्यासाठी खास द्रव मिळतो. तो प्लॅस्टिकला किंचित वितळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. तो अगदी थेंबभरच लावायचा. मी पहिल्याच दिवशी जास्त लावला. समोरच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो आजही तिथे आहे!

आता थोडे गणित करू. खोक्यावर १/२४ असे लिहिलेले असते. म्हणजे खऱ्या मोटारीचे २४ सेंटिमीटर, ते प्रतिकृतीचे १ सेंटिमीटर. लांबी, रुंदी, उंची, सगळे त्याच मापात लहान करायचे. एकच माप चुकले, तरी मोटार बेढब दिसते. माझे बाबा १६८ सेंटिमीटर उंच आहेत. भागिले २४. किती झाले? शाबास! ७ सेंटिमीटर. या मोटारीशेजारी उभे राहायचे, तर बाबांना माझ्या बोटाएवढे व्हावे लागेल.

बाबांचे नाव मुद्दामच काढले. माझे बाबा मुंबईत टॅक्सी चालवत. काळी-पिवळी पद्मिनी. इटलीच्या फियाट मोटारीवरून आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. त्या टॅक्सीवर आमचे घर चालले. माझी फी, वह्या, पुस्तके तिनेच दिली. पुढे नियम झाला, की टॅक्सी वीस वर्षांहून जुनी नको. बाबांची टॅक्सी भंगारात गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वीस वर्षे २०२३ च्या ऑक्टोबरात भरली आणि या टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या.

मी ठरवले, बाबांची टॅक्सी पुन्हा करायची. पण तिचे किट मला कुठल्याच दुकानात मिळाले नाही. मग काय करणार? पद्मिनी टॅक्सी चालू होत्या तेव्हाच एकदा सुट्टीत मी मुंबईला आलो होतो. त्या वेळी टॅक्सीतळावरच्या एका पद्मिनीची मापे मी टेपने घेऊन ठेवली होती. ती वही बाहेर काढली. मोटारीची लांबी जवळजवळ चार मीटर. म्हणजे माझी टॅक्सी सुमारे साडेसोळा सेंटिमीटरची. प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापून मी एकेक भाग तयार केला. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. छतावर सामानाची जाळी. बाहेर डाव्या बाजूला मीटर.

मग रंगाची पाळी आली. आधी करड्या रंगाचे अस्तर दिले. त्यावर छताचा पिवळा रंग. काळ्यावर पिवळा नीट उठत नाही, म्हणून पिवळा आधी. तो वाळला, की त्यावर चिकटपट्टी लावून झाकायचा आणि मग खाली काळा फवारायचा. रंगाचे हात पातळ हवेत. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही.

हे सगळे मला माहीत होते. तरीही मी चुकलो. चार दिवसांनी मुंबईला निघायचे होते. बाहेर पाऊस होता, समुद्रावरून ओला वारा येत होता. अशा दमट हवेत फवाऱ्याचा रंग देऊ नये. मी घाईने दिला. सकाळी पाहतो, तर काळा रंग राख फासल्यासारखा पांढुरका झालेला! एके ठिकाणी तर ओघळ उतरला होता. मला रडूच आले. वाटले, तशीच द्यावी. बाबांना कुठे कळणार आहे? पण ज्या माणसाने वीस वर्षे रोज पहाटे उठून टॅक्सी पुसली, त्याला कळणार नाही? त्या वर्षी मी रिकाम्या हातांनी घरी आलो. परत गेल्यावर सगळा रंग खरवडून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढच्या वर्षी टॅक्सी बाबांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावला. उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाले, "मीटर बरोबर बसवलास." मग जरा थांबून म्हणाले, "पण ही माझी टॅक्सी नव्हे. माझ्या टॅक्सीच्या डाव्या दाराला पोचा होता."

मी विचारले, "बाबा, तो पोचा कशाचा होता?"

तेव्हा बाबांनी प्रथमच ती हकिकत सांगितली. एका रात्री आमच्या चाळीतल्या एका बाईंना तातडीने दवाखान्यात न्यायचे होते. मुसळधार पाऊस पडत होता. फाटकातून घाईने टॅक्सी आत घेताना दार खांबाला घासले. बाई वेळेवर पोहोचल्या. पहाटे त्यांना मुलगा झाला. बाबांनी भाड्याचे पैसे घेतले नाहीत आणि पोचाही कधी काढला नाही. "तो पाहिला, की बरे वाटायचे," ते म्हणाले. तो मुलगा म्हणजे माझा लहानपणचा सवंगडी! आम्ही रोज त्याच टॅक्सीभोवती लपंडाव खेळलो. पण मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मी कानस घेतली. डावे दार घासून थोडे खोलगट केले आणि तेवढ्या जागी पुन्हा रंग दिला. बाबांनी पाहिले आणि हसले. "आता झाली," म्हणाले.

ही पाहा ती टॅक्सी! (पेटी उघडतात.) मागच्या मुलांनाही दिसू द्या हं. बाबांनी ती आजच्यापुरतीच दिली आहे. संध्याकाळी परत करायची आहे.

मुलांनो, असा छंद करायला महागडे किटच हवे असे नाही. जाड पुठ्ठा, कागद, पट्टी आणि पेन्सिल घ्या. तुमच्या घरातली एखादी वस्तू मोजा. आजोबांची बैलगाडी, आईचे शिवणयंत्र, काकांची हातगाडी. प्रत्येक मापाला १० ने भागा आणि तेवढीच बनवा. धारदार सुरी मोठ्यांच्या हाती द्या. रंग देताना खिडकी उघडी ठेवा. चुकले, तर लाजू नका, पुन्हा करा. आणि मोजता मोजता त्या वस्तूची गोष्टही विचारा. घरातल्या मोठ्यांजवळ अशा पुष्कळ गोष्टी असतात. कोणी विचारले नाही, तर त्या तशाच राहून जातात.