झाकली मूठ आणि प्रवाशाचा पैसा



आपल्या खिशातील पैसा कार्डात भरून घेतला गेला, की तो तेथे सुरक्षित आहे किंवा नाही हे जाणण्याचा अधिकार कोणाचा? नेदरलँड्समध्ये 2008 साली हा प्रश्न थेट न्यायालयात गेला.

देशभरच्या बस, ट्राम व रेल्वेसाठी तेथे एकच कार्ड आणले जात होते. पैसे आगाऊ भरावयाचे. यंत्राजवळ कार्ड धरले की भाडे वजा. त्यातील ‘मायफेअर क्लासिक’ ही चिप 1994 पासून बाजारात होती. लंडनच्या ऑयस्टर कार्डातही तीच. शिल्लक रक्कम कार्डावरच नोंदलेली असे, आणि तिच्या रक्षणास होती अवघी 48 बिटांची किल्ली व कंपनीने गुप्त राखलेली एक गणिती रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच काय तो भरवसा! वास्तविक, रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, असे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 सालीच बजावले होते. आणि हे गृहस्थ जन्माने नेदरलँड्सचेच.

डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत जर्मन संशोधकांनी मूठ बरीचशी उघडली. चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनी ती रीत उकलली होती. मार्च 2008 मध्ये नायमेगनच्या रॅडबाउड विद्यापीठाने कार्डाची नक्कल होते, नोंदीही बदलता येतात, हे सिद्ध केले. म्हणजे शिल्लक संपली की जुनी नोंद पुन्हा चढवावी, आणि खर्चलेला पैसा परत हजर! ही लबाडी मागाहून हिशेबात सापडू शकते, हे खरे. पण ज्याच्या कार्डाची नक्कल झाली, त्या निरपराध प्रवाशाने दाद कोठे मागावी?

विद्यापीठाने सरकारला व कंपनीला आधी कळविले. सविस्तर निबंध ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवला. तरी चिप बनविणारी एनएक्सपी ही कंपनी निबंध छापला जाऊ नये म्हणून न्यायालयात गेली. दाराची कडी तकलादू आहे असे सांगणाऱ्या शेजाऱ्यावरच फिर्याद! 18 जुलै 2008 रोजी आर्नहेमच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली. नुकसान झालेच तर ते निबंधामुळे नव्हे, सदोष चिप बनवून विकल्यामुळे, असा त्या निकालाचा आशय होता. निबंध ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लंडनच्या नव्या ऑयस्टर कार्डांत वेगळी, अधिक बळकट चिप आली. तिची गणिती रीत जगजाहीर होती.