दंतमुळावरील लेप आणि हाडाची पकड

पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसविण्याची खटपट मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. परंतु त्या दाताला भक्कम मूळ कसे द्यावे, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकापर्यंत सुटला नव्हता. तो सुटला एका अडचणीतून. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे लहानसे उपकरण काम संपल्यावर काढू गेले, तो ते निघेना. हाड धातूला बिलगून वाढले होते! १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे रोविली. चाळीस वर्षांनंतर, २००६ मध्ये त्या रुग्णाचे निधन झाले, तोपर्यंत ती कामी येत होती.

या पकडीला वेळ मात्र फार लागे. खालच्या जबड्यात सुमारे तीन, तर वरच्या भुसभुशीत हाडात सहा महिने थांबून मगच मुळावर दात चढवीत. हा काळ घटविण्यासाठी हाडाच्याच जातीचा लेप धातूवर देण्याची कल्पना पुढे आली. हायड्रॉक्सीअॅपेटाइट हे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे खनिज हाडातील खनिजाशी जवळचे आहे. १९८० नंतरच्या दशकात त्याची भुकटी प्लाझ्माच्या प्रखर झोतातून मुळावर फवारण्यात येऊ लागली. हा थर साधारणतः ५० मायक्रॉन जाडीचा असे. हाडाने तो लवकर आपलासा केला.

खरी मेख पुढेच होती. लेपाला दोन बाजू असतात. हाडाशी त्याचे रासायनिक नाते जुळले, तरी धातूला तो बहुतांशी नुसता चिकटलेला असे. तांब्याच्या भांड्यावरील कल्हई तांब्याशी एकजीव होते, तसे येथे घडत नसे. शिवाय झोताच्या उष्णतेने खनिजाच्या काही भागाची स्फटिकरचना मोडे व तो भाग शरीरात विरघळू लागे. काही रुग्णांत लेप धातूपासून सुटला. हाडाने आपले काम चोख केले असूनही मूळ सैल झाले, ही त्यातील दुर्दैवाची गोष्ट! पुढील पाहण्यांत असे अपयश प्रथम वाटले तितके सर्रास आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे. खुब्याच्या कृत्रिम सांध्यांवर तर हा लेप आजही वापरला जातो.

दंतवैद्यकाने मात्र बव्हंशी दुसरी वाट धरली. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी ती आधी टोचून खरबरीत करतो. त्याच न्यायाने टायटॅनियमवर बारीक कणांचा मारा करून, नंतर ते आम्लात बुडवून, एक-दोन मायक्रॉनचा खडबडीतपणा आणण्यात आला. वर लेप नाही, त्यामुळे सुटण्यासारखे काही नाही. चांगल्या हाडात सुमारे सहा आठवड्यांत दात चढविणे यामुळे शक्य झाले.

खडबडीत पृष्ठभागावर जिवाणूही सहज ठाण मांडतात. हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला, तर मुळाभोवतीचे हाड झिजू लागते. म्हणूनच काही प्रकारच्या मुळांत हिरडीलगतचा गळा मुद्दाम गुळगुळीत ठेवतात, आणि धूम्रपान करणाऱ्या रुग्णास दंतवैद्य ते सोडण्यास आधीच बजावतात.