घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळसारख्या गावांत कित्येक मातांचे आयुष्य चुलीच्या धुरात गेले. विडीला स्पर्श न करताही अशा धुराने फुप्फुसांना दीर्घकालीन विकार जडतो, ही बाब पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली सहकाऱ्यासह ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

अशी वृद्धा रात्री घोरू लागली की घरची मंडळी म्हणतात, “शांत झोप लागली!” वस्तुतः कित्येकदा घसा मिटून श्वास दहा सेकंद वा अधिक काळ वारंवार थांबत असतो. दुबळ्या फुप्फुसांमुळे रक्तातील प्राणवायू अधिकच घटतो व हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडतो. या दुहेरी व्याधीस एडिंबरोचे डॉ. फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ हे नाव दिले.

नुसत्या प्राणवायूने मिटलेला घसा उघडत नाही. झोपेची गोळी तर श्वास आणखी मंदावू शकते. मास्कमधून हवेचा दाब देणारे ‘सीपॅप’ यंत्र वापरणाऱ्या अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे २०१० मधील स्पॅनिश अभ्यासात दिसले.

निद्रिस्तास स्वतःचा थांबलेला श्वास कळत नाही. म्हणून रात्रीचे घोरणे, सकाळची डोकेदुखी व दिवसाची पेंग आप्तांनीच डॉक्टरांना सांगावी आणि निद्रातपासणी करवून घ्यावी. जागणाऱ्याचे हेच कर्तव्य होय.