तार पुढे जाते, राख मागे राहते
(नवी मुंबईत वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



माझी आई कोयना धरणात बुडालेल्या गावातली. १९६० च्या दशकात कोयनेची वीज मुंबईकडे जाऊ लागली, तेव्हा आईच्या पुनर्वसन वसाहतीत घासलेटची चिमणीच जळत होती. ती म्हणायची, "वीज आमच्या डोक्यावरून गेली." शेजारी देशांची वीजजाळी एकमेकांना जोडली जात असल्याचे वाचते, तेव्हा मला तिचे हे बोल आठवतात.

आपल्या ऐरोलीत राज्याचे भार प्रेषण केंद्र आहे. राज्यात वीज किती तयार होते आणि किती लागते, याचा मेळ तिथे क्षणोक्षणी घातला जातो. २०१३ च्या अखेरीस सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले गेले. हे जाळे सीमेपलीकडेही पोचले आहे. भूतानशी जोडणी जुनी. बांगलादेशाशी २०१३ मध्ये बहरामपूर-भेडामारा, तर नेपाळशी २०१६ मध्ये मुझफ्फरपूर-ढल्केबर ही मोठी जोडणी झाली.

याचा फायदा आहे, तो नाकारू नये. पावसाळ्यात भूतान-नेपाळच्या नद्यांची वीज इकडे येते, तेवढा कोळसा वाचतो. हिवाळ्यात तिथले पाणी ओसरते, तेव्हा आपण वीज देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतातून बांगलादेशाला पोचली.

पण झारखंडमधले गोड्डा पाहा. तिथले १६०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र उभारले गेले ते बांगलादेशाला वीज विकण्यासाठी. २०२३ मध्ये ते सुरू झाले. वीज सीमेपार जाते, धूर आणि राख मात्र इथेच राहते. अशा केंद्राजवळ राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख ती झटकते, मुलाच्या खोकल्यासाठी दवाखान्यात तीच रांग लावते. यातले काहीच युनिटच्या दरात धरलेले नसते.

वाटेतल्या मनोऱ्यांचेही तसेच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि आपल्याकडे वीज गेली. त्यानंतर बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची निकड वाढली. खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. वीज आपल्यालाही हवी आहे. पण खाडीकाठी वाहिनी येते तेव्हा कांदळवनाचा प्रश्न येतो, आणि कांदळवन गेले तर खेकडे-कालवे वेचून घर चालवणाऱ्या कोळणीची रोजी जाते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत वीजवाहिन्या नाहीत. वनजमीन किंवा किनारपट्टी असेल तर त्यांची वेगळी परवानगी लागते, पण गावात जनसुनावणी घेण्याचे बंधन नाही. मनोऱ्याची भरपाई सातबारावर ज्याचे नाव त्याला मिळते. राबणाऱ्या बाईचे नाव तिथे बहुधा नसतेच.

म्हणून तीन मागण्या आपल्या गटांनी लावून धराव्यात. मोठ्या वाहिनीआधी गावात जनसुनावणी व्हावी आणि तिथे बायांचे म्हणणे नोंदले जावे. भरपाई नवरा-बायको दोघांच्या नावे मिळावी. कोळणी आणि शेतमजूर बायांचे नुकसानही त्यात धरावे. आणि परदेशी वीज विकताना राख, पाणी व आजारपण यांचा खर्च कोण सोसणार, हे करारात लिहिलेले असावे.

आईला कुणी विचारले नव्हते. निदान गोड्डाच्या आणि आपल्या खाडीकाठच्या बायांना तरी विचारा, एवढेच आपले म्हणणे आहे.