पुराचं चित्र, वैनगंगाकाठच्या नजरेनं

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात पुराचा विषय निघाला की बोलणं ऑगस्ट 2020 वर येतं. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, खाली गोसीखुर्द धरणाची सगळी 33 दारं उघडली, तरी वैनगंगा भंडारा शहरात शिरलीच. कारधा पुलावरची धोक्याची पातळी 245.50 मीटर, हे इथल्या लोकांना तोंडपाठ असतं. अशा माणसापुढे चित्रकार आल्फ्रेड सिस्लेचं ‘पोर्ट-मार्लीचा पूर’ हे चित्र ठेवलं, तर तो विचारेल, यात आरडाओरड कुठे आहे?

नाहीच.

1876 साली पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदी पोर्ट-मार्ली गावात घुसली. इंग्रज आईबापांचा, पण पॅरिसमध्येच जन्मलेला सिस्ले तेव्हा शेजारच्याच गावी राहत होता. रंगपेटी घेऊन तो थेट तिथं गेला. त्या एका पुराची त्यानं अनेक चित्रं काढली. त्यातलं गाजलेलं चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

डावीकडे दारूच्या दुकानाची पिवळसर-गुलाबी इमारत पाण्यात उभी. तिच्यावर संत निकोलसच्या नावाची पाटी. हा संत नावाड्यांचा पाठीराखा, हा योगायोग नदीवर होड्या चालवणाऱ्या ढिवरांच्या मुलखात लगेच कळावा. समोर होड्या, एक-दोन माणसं. बाकी निम्म्याहून अधिक चित्र आभाळाचं, आणि तेच आभाळ खाली तुटक, आडव्या फटकाऱ्यांनी पाण्यात उतरलेलं. पाणी कुठंही एकाच रंगाचं नाही.

संकटात सौंदर्य शोधणं निर्दयपणाचं, असं कुणी म्हणेल. ते पटत नाही. पाऊस थांबल्यावर पुराचं पाणी खरंच असं गप्प पसरतं. ज्यानं ते पाहिलं, त्याला सिस्ले खोटा वाटणार नाही. उणीव आहे ती दुसरीच. ओसरल्यानंतरचा गाळ, भिजलेलं धान, घरातला कुबट वास यांतलं काही या चित्रात नाही.

हे चित्र सुरुवातीला 180 फ्रँकला गेलं. सिस्ले 1899 मध्ये गरिबीतच वारला आणि पुढच्याच वर्षी लिलावात त्याच चित्राला 43,000 फ्रँक मिळाले.

शहापूर-भंडाऱ्याच्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती. वैनगंगा पुन्हा चढेल तेव्हा पोरांना पाण्याजवळ नेऊ नका; पण ओसरल्यावर जरूर न्या, आणि भिंतींवर राहिलेली पाण्याची रेघ समोर बसून रंगवू द्या.