लॅटिन शिकून काय मिळाले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी कॉलेजात लॅटिन घेतले होते हे आपल्या चिटणीसबाईंना कुठूनसे कळले आणि आज त्यावर बोलण्याची आज्ञा झाली. लॅटिन म्हणजे जुन्या रोमची भाषा. ती आता कोणाच्या घरी बोलत नाहीत. मग ती शिकून काय मिळणार, असे माझ्या आत्याबाईंनी त्या वेळी तोंडावरच विचारले होते.

पण आपल्या मंडळाची सभासुद्धा लॅटिनवाचून होत नाही! ‘अजेंडा’ म्हणजे ‘करावयाच्या गोष्टी’. संस्कृतात ‘करणीयानि’ म्हणावे तसे नपुंसकलिंगी अनेकवचन. आणि ज्याच्यासाठी आपण अर्धा अर्धा तास खोळंबतो तो ‘कोरम’ ही नुसती षष्ठी आहे: ‘ज्यांपैकी’. इंग्लंडातल्या जुन्या नेमणूकपत्रांत ‘ज्यांपैकी अमुक एक असावा’ असे वाक्य येई. वाक्य गेले, षष्ठी राहिली.

शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या मुलीला ही भाषा परकी वाटत नाही. विभक्त्या आठांऐवजी सहाच, आणि द्विवचन नाही. मला तर हायसे वाटले. मातृ तशी मातेर, भ्रातृ तसा फ्रातेर, अग्नी तसा इग्निस. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. आपल्या ‘विधवा’ला तिकडे ‘विदुआ’ म्हणतात. नेमका हा शब्द एवढ्या दूर दोन्हीकडे शाबूत राहिला, याचे नवल वाटले आणि वाईटही.

युरोपात शेकडो वर्षे विद्यापीठांचे शिक्षण लॅटिनमधून चाले. मुलगे ती शाळेत शिकत. मुलींना एखादा हौशी बाप घरी शिकवील तेवढेच. भाषा नाही, म्हणून विद्यापीठाचे दारही नाही. इटलीत पादुआ येथे एलेना कोर्नारो पिस्कोपिया हिने ॲरिस्टॉटलच्या उताऱ्यांवर लॅटिनमध्ये विवेचन करून १६७८ साली डॉक्टरची पदवी मिळविली. तिला धर्मशास्त्राची पदवी द्यावी असे ठरत होते, पण तिथल्या बिशपांनी बाईमाणसाला ती देण्यास नकार दिला; तेव्हा तत्त्वज्ञानाची दिली. आपल्याकडे बायकोला संस्कृत शिकविले म्हणून अनंतशास्त्री डोंगरे यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्यांच्याच कन्येला, रमाबाईंना, १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. बरोबर दोनशे वर्षांचे अंतर!

आम्हाला व्हर्जिलच्या ‘इनीड’चा चौथा सर्ग होता. राणी डीडो परक्या इनीअसला आसरा देते, त्याच्यावर जीव लावते; तो देवांची आज्ञा म्हणून निघून जातो आणि ती प्राण देते. इनीअसची कर्तव्यनिष्ठा आमच्या प्राध्यापकांनी तासभर वाखाणली. मला ती पटली नाही, आजही पटत नाही. पुढे सहाव्या सर्गात तो पाताळात जातो, तेव्हा ती त्याला दिसते. तो रडतो, विनवतो. ती एक शब्द न बोलता तोंड फिरवून निघून जाते. भाषांतरे मी पुष्कळ वाचली, पण ते मौन मला मुळातच भिडले.

तरीही डीडो बोलते ती पुरुषाच्या लेखणीने. जुन्या रोमन बायकांनी स्वतः लिहिलेले फारच थोडे उरले आहे. मला सर्वांत जवळचे वाटते ते एक पत्र. इंग्लंडच्या उत्तरेस व्हिंडोलांडा येथे रोमन छावणीच्या जागी ते १९८५ साली सापडले. मी परीक्षा दिली तेव्हा ते चिखलातच होते. पोस्टकार्डाएवढी लाकडाची पातळ फळी, त्यावर शाईने लिहिलेले. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. क्लॉडिया सेव्हेरा ही एका अधिकाऱ्याची बायको आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिना हिला, वाढदिवसाला बोलावते आहे. तारीख ११ सप्टेंबरची. मजकूर लेखनिकाच्या वळणदार हातचा. शेवटच्या ओळी मात्र सेव्हेराने स्वतः लिहिल्या आहेत. अक्षर जरा ओबडधोबड आहे. ती तिला ‘बहीण’ म्हणते आणि येण्याची वाट पाहीन म्हणते. बाईच्या हातचे लॅटिन म्हणून आज जे थोडेसे माहीत आहे, त्यात हे अगदी जुन्यांपैकी आहे.

मूळ फळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे छायाचित्र मी आणले आहे. चहाच्या टेबलाशी ठेवते. खालच्या उजव्या कोपऱ्यातले अक्षर तिचे.