जिन्नस परका, हात घरचा

सुशीत अ‍ॅव्होकॅडो, कच्च्या माशावर मिरची-लिंबू, रामेनमध्ये चीज... ‘फ्युजन’च्या नावाखाली जपानची जुनी पाककला बुडाली, अशी हळहळ हल्ली कानावर येते. हळहळणाऱ्याच्या पुढ्यात त्या वेळी कदाचित तेम्पुराची बशी असते!

हे तेम्पुरा तरी कुठे अस्सल जपानी? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात. त्यांच्याबरोबर पीठ लावून तळण्याची रीत तिकडे पोचली. जपान्यांनी ती घेतली आणि आपल्या हाताला बसवली. पीठ गार पाण्यात कालवायचं, पण घोटायचं नाही. चार गुठळ्या राहिल्या तरी चालतील. घोटलं की पीठ चिवट होतं आणि आवरण जड बसतं. नाही घोटलं, तर कोळंबीवर हलकं, कुरकुरीत कवच चढतं. ती बुडवून खायला सोया सॉस घातलेलं पातळ सार आणि त्यात मुळ्याचा कीस.

पुढे मेइजी काळ आला. मांसाहारावरचा जुना निर्बंध सैल झाला. १८७२ मध्ये खुद्द सम्राटांनी गोमांस खाल्लं. पाठोपाठ लोण्यात परतलेलं फ्रेंच कटलेट रुळू लागलं, पण ते जड पडे. तोक्योच्या गिंझा भागातल्या ‘रेंगातेई’ या रेस्टॉरंटनं १८९९ च्या सुमारास डुकराच्या मांसाचा तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवला आणि तेम्पुरासारखा भरपूर तेलात सोडला. पुढे त्याच्या पट्ट्या कापल्या जाऊ लागल्या, म्हणजे चॉपस्टिकनं उचलता याव्यात. भात, मिसो सूप आणि बारीक चिरलेला कच्चा कोबी यांच्याबरोबर हे कटलेट ‘तोन्कात्सु’ म्हणून ताटात कायमचं बसलं. पोर्तुगीजांकडून आलेली तळणी तोवर इतकी घरची झाली होती की फ्रेंच कटलेटला जपानी करण्याचं काम तिनंच केलं.

त्याच १८९९ साली जपानी मजुरांचं पहिलं जहाज पेरूला लागलं. तिथे सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला मासा, आधीपासून होता. जपानी हातांना मासा फार वेळ मुरवणं पटेना. त्यांनी तो साशिमीसारखा, म्हणजे कच्च्या माशाच्या जपानी कापांसारखा, पातळ कापला आणि आंबट-तिखट रस वाढायच्या वेळी घातला. जपान आणि पेरूच्या या संगमातून तिरादितो हा पदार्थ रुळला.

जपानी शेफ नोबु मात्सुहिसाही १९७३ मध्ये पेरूतल्या लिमाला गेले, ते तोक्योतल्या सुशीच्या दुकानात सात वर्षं उमेदवारी करून. १९८७ मध्ये त्यांनी बेव्हर्ली हिल्समध्ये स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. तिथे एका बाईंनी कच्चा मासा म्हणून साशिमी परत पाठवली. नोबुंनी तेल कडकडीत तापवलं आणि त्या पातळ कापांवर ओतलं. वरचा भाग जेमतेम शिजला, आत मासा कच्चाच राहिला. बाईंनी ताट संपवलं. आज हा त्यांचा नावाजलेला पदार्थ आहे. पण मासा तितका पातळ आणि एकसारखा कापता आला नसता, तर तेल तापवून काय उपयोग होता?

श्रोतेहो, २०१३ मध्ये युनेस्कोनं ‘वाशोकु’ला, म्हणजे जपानी खाद्यपरंपरेला, वारसा यादीत घेतलं, तेव्हा पदार्थांची जंत्री केली नाही, जपान्यांच्या खाण्याच्या संस्कृतीला मान दिला. परंपरा अशी हातात आणि सवयीत असते. म्हणून कोणी मेयोनीज फासलेल्या सुशीला ‘फ्युजन’ म्हणालं, तर मेयोनीजवर रागावू नका. आधी खालचा भात नीट शिजलाय का, ते बघा.